लॉनची हद्द

"सर, लॉन केवढं आहे तुमचं?" दुकानातल्या विक्रेतीनं विचारलं. "त्यावरून गवत कापणारा रोबो ठरवू. त्याला हद्दही आखून द्यावी लागते."

रणधीर गोंधळला. वाटण्यांनंतर त्याचं आणि दादाचं घर वेगळं झालं होतं, बोलणंही बंद होतं. पण दोन्ही घरांपुढचं लॉन एकच राहिलं होतं. अर्धंच सांगितलं, तर मधोमध हद्द आपणच आखल्यासारखं होईल. पूर्ण सांगितलं, तर आपलं यंत्र दादाच्या दारात फिरेल. ते त्याला चालेल?

छोटा रोबो बघ, मोठा बघ, असं बराच वेळ केल्यावर त्यानं सरळ दादाला फोन लावला. "दादा, गवत कापायला रोबो घेतोय. हद्द कुठपर्यंत धरू?"



"कुंपणापर्यंत," दादा म्हणाला.

"कुठल्या कुंपणापर्यंत?"

"एकच तर कुंपण आहे आपल्याला, येड्या. आणि माझ्या दाराकडं उतार आहे, तो सांगितलास का?"

"नाही."

"मग मी आल्याशिवाय काही घेऊ नकोस. दुकान कुठलं ते सांग."