अमावास्येचं कुलूप

"घाल कुलूप," सावित्रीबाई मुलाला म्हणाल्या. "अमावास्या लागली. परवा सकाळी गाडीची पूजा. तोवर आत कोणी पाय ठेवायचा नक्को."

हर्षवर्धनने गाडीच्या मागच्या दाराला कुलूप लावलं. ड्रायव्हर अविनाश बघत उभा होता. त्या दाराआड त्याची बायको होती.

घरासारखी गाडी होती ती. गादी, ओटा, गॅस, नळ, संडास, सगळं आत. पुण्याच्या एका कारखानदाराने हौसेने बांधून घेतलेली. त्र्याण्णव साली बाहेरचा माल आला आणि कारखाना बसला. कामगार रस्त्यावर आले, मालक नव्या बंगल्यात गेला. गाडी त्याने हैदराबादेतल्या बरकतपुऱ्याच्या हर्षवर्धनला विकली. कारखान्याचा ड्रायव्हर अविनाश. त्याने ती तिथे पोचवायची आणि हर्षवर्धनकडेच नोकरीला राहायचं, असं ठरलं. अट अशी, एकट्याने यायचं. गादीवरचं प्लास्टिकसुद्धा काढायचं नाही.

संसार हलवायला ट्रक कुठून आणणार? त्याने बायकोला, सुनंदाला, मागे बसवलं, भांडीकुंडी गादीखालच्या खणात कोंबली. हैदराबादेतच, गौलीगुड्यात, सुनंदाच्या भावाने खोली बघून ठेवली होती. आधी तिथे तिला उतरवायचं, मग गाडी मालकाच्या दारात. कोणाला कळणार होतं?

सोलापूर सोडल्यावर तो चहाला थांबला, तर मागून करपल्याचा वास आला. धावत गेला. सुनंदाने गॅसवर दूध उतू घातलं होतं.

"नव्या घरात घालतात ना," ती हसत म्हणाली.

"घर? तुझ्या बापाचं आहे का?"

शेगडीवरचा डाग त्याने अंगातला शर्ट काढून घासला. गेला नाही. सुनंदा करपलेलं पातेलं मांडीवर घेऊन बसली.

आणि हैदराबादच्या तोंडाशी, पेट्रोल पंपावर, हर्षवर्धन स्वतः उभा! "म्हटलं, आपल्या गाडीत बसूनच घरी जाऊ," म्हणत केबिनमध्ये चढला. गाडी गौलीगुड्याकडे वळलीच नाही, थेट मालकाच्या अंगणात आली. पत्र्यापलीकडे मालकाचा आवाज ऐकून सुनंदा संडासात दडली असणार.

आता कुलूप. वैशाखाची दुपार. एसीची गाडी, म्हणून काचा कायमच्या बसवलेल्या. इंजिन बंद, एसी बंद. पत्र्याला हात लावला तर भाजत होता. परवा सकाळपर्यंत तिथे माणूस जगत नाही, हे कळायला शिकावं लागत नाही.

बोल, तो स्वतःला म्हणाला. बोललं की नोकरी गेली. पुण्यातली खोली सोडलेली. रात्री येऊन कुलूप तोडू. पण फाटकात वॉचमन होता आणि अंगणात मोकळं सोडलेलं कुत्रं. आणि रात्र व्हायला किती वेळ होता! बोल रे, हरामखोरा.

"घामाघूम झालास की," हर्षवर्धन म्हणाला. "हौ, रस्ताच तसा आहे. जा, झोप काढ. परवापासून ड्यूटी." किल्ली त्याने खिशात टाकली.

"जी, साहेब."

अविनाश फाटकाकडे वळला. त्याचे पाय चालत होते, तेवढंच त्याला कळत होतं.

ठण्ण.

पत्र्यावर आतून भांडं आपटलं. मग पुन्हा. मग थांबायलाच तयार नाही.

"कोण आहे रे आत?" हर्षवर्धन ओरडला.

"भांडं सरकलं असेल, साहेब." अविनाशचा आवाज त्याला स्वतःलाच ओळखू आला नाही. "आत कोणी नाही."

आतला आवाज थांबला. एकदम.

"रिकाम्या गाडीत भांडं कायकू असेल?" सावित्रीबाई पुढे आल्या. "उघड."

"आई, अमावास्या..."

"मसणात गेली अमावास्या. उघड म्हणते ना!"

दार उघडलं. सुनंदा उतरली. तोंड लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले, हातात बुडाशी करपलेलं पातेलं. सावित्रीबाईंनी तिला पायरीवर बसवलं, तांब्याभर पाणी दिलं. ती घटाघट प्याली. हर्षवर्धनच्या पाठीमागे उभं राहून अविनाशने तिच्यापुढे हात जोडले. ओठांनी नुसतं म्हणाला, नको. तिने पाहिलं.

"या ड्रायव्हरची कोण गं तू?" सावित्रीबाईंनी विचारलं.

सुनंदाने तांब्या खाली ठेवला. गळ्यातलं मंगळसूत्र पदराआड सरकवलं. पातेलं उचललं.

"कोणी नाही, मावशी. गौलीगुड्याला रिक्षा कुठे मिळेल?"