दुसरा बार

दुसरं काडतूस पुन्हा अडकलं.

लोटन मिस्त्रींनी खटका मागे ओढून ते बाहेर काढलं. काडतूस खोटंच, तपासणीचं. आत ना दारू ना छर्रे. तरी ते खऱ्यासारखं अडकलं होतं, अर्धं आत, अर्धं बाहेर, परक्या दारात थबकलेल्या पोरीसारखं.

"बघितलंत?" राजदीप म्हणाला. "पहिला बार झकास. दुसऱ्याला बाई रुसून बसते."

"रुसनारच. मन्हा बापना वयनी शे." मिस्त्रींनी चष्मा कपाळावर सरकवला. "पाच बारनी, आपोआप भरनारी. अशी आते कोठे दिसस?"

नर्मदाबाई बंदूक दुरुस्तीच्या दुकानात आल्या तेव्हा मिस्त्रींनी त्यांच्यासाठी टेबलाच्या उजव्या अंगाला खुर्ची मांडली होती. त्यांनी ती उचलून बंदुकीच्या डावीकडे नेली आणि डोक्यावरचा पदर पुढे ओढून मगच टेकल्या. सत्तरी ओलांडलेली बाई, कपाळ मोकळं, नजर खाली.

"काकूंचं असंच असतं," राजदीप हसला. "सोनगीरहून येताना डिकीत ठेवू दिली नाही. मागच्या सीटवर दोघी शेजारी शेजारी, पुढे मी ड्रायव्हर." मग त्यानं आवाज उतरवला. "मिस्त्री, स्पष्ट सांगा. चालणार असेल तर परवाना माझ्या नावावर करून घेतो, रानडुकरं हाकायला होईल. नसेल चालत तर आजच जमा करतो. मोडीत जाईल, जाऊ दे. काकूंना या वयात हा व्याप झेपत नाही."

मोडीत म्हटल्यावर नर्मदाबाईंनी बंदुकीखालच्या पिवळ्या शेल्याचं टोक मुठीत धरलं. शेला जुना होता, घड्यांवर विरलेला. मिस्त्रींच्या नजरेतून ती मूठ सुटली नाही.

त्यांनी पुढची टोपी फिरवून नळी उतरवली. आतली स्प्रिंग ताणून पाहिली. थकलेली, पण दम धरून होती. कडी उलटी बसलीय का पाहिलं, सुलटीच होती. तेल वाळून डिंक झालं होतं, ते रॉकेलनं धुतलं, फडक्यानं पुसलं. सगळं जोडून पुन्हा भरली.

पुन्हा अडकली.

"जमा करायचीच दिसते," राजदीप पुटपुटला.

"दम धर रे भाऊ. रोगीले दवाखानामा आना अन् लगेच लाकडं जमाडाले निघना तू." मिस्त्रींनी दस्त्यावरून अंगठा फिरवला. "अक्का, साहेब डावखुरा व्हतात का? आठे घासायेल दिसस."

नर्मदाबाईंनी दस्त्यावरच्या त्या गुळगुळीत जागेकडे पाहिलं.

"माले ठाव नही," त्या म्हणाल्या.

मिस्त्रींना नवल वाटलं. पण जुन्या काळच्या बायका. नवऱ्यापुढे मान वर न केलेल्या. त्यांनी तो विचार सोडून दिला.

"मोठे काका फौजेत होते," राजदीपनं सांगितलं. "बंदूक आजोबांची, पण हात बसलेला काकांचा. एकाहत्तरच्या लढाईत गेले. लग्नाला महिनासुद्धा झाला नव्हता."

मिस्त्रींनी मान हलवली. "अडकाले कवय लागनी?"

"लगीनना दिस," नर्मदाबाई म्हणाल्या. "सासरा मांडवात पाच बार करनार व्हता. एक झाया. दुसरा अडकना."

"त्यानंतर मागच्या महिन्यापर्यंत कुणी चापाला हात लावला नाही," राजदीप म्हणाला. "आजी शेवटपर्यंत तेच ऐकवायची. सून घरात आली नि बंदूक बिघडली, मग तार..." पुढचं त्यानं गिळलं.

"खरंच व्हतं ते," नर्मदाबाई म्हणाल्या. आवाजात रागही नव्हता, तक्रारही नव्हती. पाठ झालेली ओवी पुटपुटावी तसं. "मन्हाच पायगुन."

बाहेर कुणीतरी गाडी काढा म्हणून हॉर्न वाजवू लागलं. राजदीप किल्ली घेऊन गेला.

मिस्त्रींनी काडतूस वर उचलणारी पट्टी सोडवली. ती पुरती खाली बसत नव्हती; केसभर उंच राहत होती. त्यांनी बॅटरी लावली, बिजागरीच्या मागे दाभण घातलं आणि हलक्या हातानं कोरलं. तेलात थिजलेलं काहीतरी सुटून शेल्यावर पडलं.

तांदळाचे दाणे. काळपटलेले. एकाच्या चिरेत अजून पिवळं दिसत होतं.

"दसरानी पूजा?"

"दसराले आम्ही फक्त फूल वाहतस."

मिस्त्रींनी पट्टी बसवली, काडतुसं भरली, खटका ओढत गेले. एकामागून एक पाचही शेल्यावर येऊन पडली. कुठं थांबली नाहीत.

"आयकी ल्या, अक्का," ते हळू म्हणाले. "बंदूक बिघडेल नव्हती. पायगुनना काही संबंध नही. नुसत्या अक्षता अडकेल व्हत्यात."

नर्मदाबाईंनी हात पुढे केला. मिस्त्रींनी दाणे त्यांच्या तळव्यावर ठेवले. त्यांनी ते पदराच्या टोकात बांधले, गाठ दातानं ओढून घट्ट केली.

"पन अक्षता एवढ्या आत कश्या ग्यात?" मिस्त्री बंदूक पुसत म्हणाले. "मांडवात नवरदेवना हातमा व्हती का?"

"नवरदेवले सुट्टीच भेटनी नही," नर्मदाबाई म्हणाल्या. "सासरा म्हने, मुहूर्त टळाले नको." त्यांनी शेल्याचं टोक बंदुकीवर नीट पांघरलं. "आंतरपाट दूर झाया, तवय मन्हा समोर पाटवर हाईच उभी व्हती."