डावा पाय

“तक्ता वरून वाचू नकोस,” ताई म्हणाली. “वरून सगळेच राजे दिसतात.”

धाकट्या भावानं लॅपटॉप तिच्याकडे वळवला. त्याच्या शर्टाच्या खिशात राजीनाम्याचं पाकीट होतं. पाणीपुरवठा कार्यालयातली एकोणीस वर्षांची पक्की नोकरी. ताईनं प्लॅन बरा म्हटला, तर उद्या सकाळी ते पाकीट साहेबांच्या टेबलावर. नाही म्हटलं, तर केराच्या टोपलीत. बायकोला त्यानं तसा शब्द दिला होता.

ताई विमा कंपनीत जन्मभर आकडे तपासून निवृत्त झालेली. आता ओळखीपाळखीचे लोक साखळी विक्रीच्या कंपन्यांचे प्लॅन घेऊन तिच्या दारी येत. कुणाचा साबण, कुणाच्या ताकदीच्या गोळ्या. ती चहा पाजायची, तक्ता खालून वाचायची आणि शेवटच्या ओळीतल्या माणसाच्या हाती काय पडतं तेवढं सांगायची. बरेचजण चहा अर्धा टाकून उठायचे. तिचा एक नेम होता. जो प्लॅन तपासायचा, त्यात आपलं नाव घालायचं नाही. कुणाच्याही भिडेखातर नाही.

भावाचा हा साबणाचा प्लॅन दोन पायांचा होता. भाऊ वर, त्याच्या खाली एक उजवा गट, एक डावा. दोन्ही पाय बरोबरीनं चालले तर कमिशन. उजव्या पायात त्याच्या ऑफिसातले चौघे, दोन शेजारी, मेव्हणा आणि कटिंगवाला. रडगाणं नेहमीचंच. दोन महिने उत्साह, मग फोन उचलायचे नाहीत. कटिंगवाला तर कालच बाहेर पडला होता. आठाचे सात झाले होते.

“म्हणून म्हणतो, उजवीकडे तुझं एक नाव दे,” भाऊ म्हणाला. “चार वाजता महिना बंद होतो. आठास आठ होतील. साबण लावू नकोस हवं तर.”

ताई हसली. नेम एकदा मोडला की मोडायचाच नेम होतो, असं तिनं सांगितलं. भावानं कपाळाला हात लावला. तुझ्यापुढे देवानं हात टेकले, तिथे मी कोण, म्हणाला.

तिनं डावा पाय उघडला. आठ नावं. एकानंही एका महिन्याची खरेदी चुकवली नव्हती. तिनं चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. माणसं गळतात; या धंद्यात खात्रीचं असं तेवढंच. इथे कुणी गळलंच नव्हतं.

खालून पहिलं नाव मास्तरांचं होतं. लहानपणी त्यांनीच तिच्याकडून पाढे घोटून घेतले होते. मागच्या महिन्यात ती त्यांच्या अंत्ययात्रेला गेली होती. नावापुढे सभासद झाल्याची तारीख होती. ते गेले तीच तारीख. त्यांच्या वर शिंपीणकाकू. त्या थंडीत गेल्या, न्युमोनियानं. त्यांचीही तारीख जुळली. त्यांच्या वर पोस्टमनदादा. ताईचं बोट एकेक ओळ वर सरकत राहिलं. मोठी मावशीही तिथेच होती. सर्वांत वर आई.

आईला जाऊन दोन वर्षं झाली होती.

ताईचा आवाज कधी चढत नसे. गेलेल्या माणसांच्या नावानं पगारातून साबण घेतोस का, असं तिनं हळूच विचारलं. सुरुवातीला जोडी जुळत नव्हती, म्हणून आईचं नाव घातलं, असं भावानं कबूल केलं. पहिला महिना पदरचे भरले. दुसऱ्या महिन्यात विसरला. बघतो तर आईच्या नावची साबणाची मागणी आधीच गेलेली. मग तिच्याखाली मावशीचं नाव आलं.

“मी फक्त आईचं नाव घातलं होतं, ताई. बाकीची माणसं आईनं आणली.”

आईला कुणाला कधी नाही म्हणता आलंय का, असं म्हणत भाऊ उठला. आपलं माणूस लांब एकटं बसलेलं तिला बघवायचंच नाही. जवळ आणून बसवल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. हसत हसत तो चहा करायला आत गेला. थोड्या वेळानं कपात चमचा किणकिणू लागला.

ताईनं नियमांचं पान काढलं. बारीक टाइपातलं बारावं कलम तिनं दोनदा वाचलं. महिना बंद होताना डावा पाय उजव्यापेक्षा मोठा असेल, तर डाव्या पायाचा प्रमुख सर्वांत वर जाईल. आतापर्यंत वर असलेला सभासद त्याच पायात, सर्वांत खाली बसेल.

डावीकडे आठ. उजवीकडे सात. घड्याळात चारला तीन मिनिटं कमी होती.

तिनं उजव्या पायाचा अर्ज उघडला आणि आपलं नाव घातलं. जन्मभर एक आकडा न चुकलेल्या बोटांनी जन्मसाल चुकवलं. चौकट लाल झाली. तिनं खोडून पुन्हा लिहिलं आणि बटण दाबलं. पडद्यावर एक बारीक चक्र फिरत राहिलं. मग ओळ उमटली: महिना बंद झाला आहे.

तक्ता आपोआप नव्यानं मांडला गेला. ताईनं सवयीप्रमाणं खालून वाचायला घेतलं. पहिलंच नाव भावाचं होतं. त्यापुढे आजची तारीख.

आतला चमचा वाजायचा थांबला होता.