उतू गेलेला फोटो

सत्त्याण्णव साली, कोपरीतल्या आपल्या स्टुडिओत सिडनीने खाडीत सापडलेल्या प्रेताचा पोलिसांसाठी काढलेला फोटो कॉम्प्युटरवर उघडला. फाईल बिघडलेली होती. मेमरीत तिला दिलेली जागा पुरेना, ती शेजारच्या उघड्या फोटोत उतू गेली. तो गुणाजीच्या लग्नाचा होता. नवरदेवाच्या गळ्यावर प्रेताची जखम उमटली.

"झाला काय रे माझा फोटो?" मागे स्टुलावर बसलेला गुणाजी म्हणाला.

सिडनीने जखम पुसली, तर ती आणखीच फाकली.

वैतागून त्याने नेहमीचा उपाय केला. दुसऱ्या फोटोतल्या धडावर चिकटवायला त्याने नवरदेवाचं मुंडकं कापून घेतलं. तेवढ्यात कॉम्प्युटर हँग झाला.

"अरे सिडनी, निदान..." गुणाजी थांबला.

सिडनीच्या मानेवर मागून गरम चिळकांडी उडाली. उरलेलं वाक्य त्याला जमिनीवरून, पायाशी ऐकू आलं.

"...चहा तरी सांग."