हातांनी उघडायचं दार

श्रूजबरी गावात बर्फ पडायला जेमतेम आठवडा उरला होता. सुलेखाने गराजच्या दाराखालचं फाटकं रबर स्वतः बदललं आणि नवं रबर थंडीत जमिनीला चिकटू नये म्हणून त्यावर सिलिकॉनचा स्प्रे मारला. मग दार मोटरपासून सोडवणारी लाल दोरी ओढून ती ते हातांनी उचलायला लागली. दोनदा दार गुडघ्यापर्यंत येऊन पुन्हा खाली गेलं. एकसष्टाव्या वर्षी तिचे दंड भरून आले होते, तरी ती परत वाकली.

"अगं, कशाला हा हट्ट?" तिचा नवरा मुकुंद आतल्या पायरीवरून हसत म्हणाला. "वादळात पॉवर गेली तर मी आहे ना! वीस वर्षं मीच उचलतोय."

"आणि त्याच दिवशी तुला परत अटॅक आला तर?" सुलेखा मागे न बघता म्हणाली. "अँब्युलन्स बर्फात अडकली, तर तुला गाडीत घालून मीच नेणार ना? तेव्हा दार कोण उचलणार?"

मुकुंदचं हसू ओसरलं. तो पायरी उतरून तिच्याशेजारी आला.

"पाठीवर जोर देऊ नकोस," तो म्हणाला. "गुडघ्यात वाक, आणि एका दमात उचल."