नदीकाठचं जोतं

"तुमाला माणूस त्याच्या हक्काच्या घरात राहिलेला बघवत नाय! खुर्ची गावली म्हणून लोकांची घरं अडवून बसलात!"

पदूनं हे सुनावलं ग्रामसेवक ऋषिकेशच्या तोंडाकडं बघत. रोख होता शेजारच्या खुर्चीतल्या सरपंचबाईंवर. ऋषिकेशला ते कळत होतं. त्यानं मान खाली घातली. सरपंचबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

"त्यांना विचारा," त्या ऋषिकेशला म्हणाल्या, "रस्त्याकडची जागा पंचायत देतेय, ती का नको?"

पदू हाताच्या अंतरावर बसला होता, तरी प्रश्न असा वळसा घालून यायचा. उन्हाळ्यापासून हेच चाललं होतं. नदीकाठचं त्याचं घर पुरानं नेलं, दगडी जोतं तेवढं उरलं. त्याच जोत्यावर त्याला नवं घर उभं करायचं होतं. नकाशा झाला, कर्जतच्या इंजिनिअरचा शिक्का झाला. घोडं अडलं होतं पंचायतीच्या ना-हरकत दाखल्यावर. जागा पूररेषेत येते म्हणून बाई सही करत नव्हत्या.

"रस्त्याकडं काय हाय?" पदू ऋषिकेशलाच म्हणाला. "टेंपोचा धूर खायचा? माझ्या घराचं तोंड नदीकडं व्हतं, भाऊ. निजताना पाण्याचा आवाज. तो नसला की झोप यायची नाय."

बोलता बोलता त्याचा राग निवत गेला.

"थंडीत परसात पोपटी लावायचो. मडक्यात वालाच्या शेंगा, भांबुर्डीचा पाला, भोवती जाळ. मडकं उपडं केलं की वास पार पल्याडच्या वाडीत. हिरू, माझी बायको, वरडायची, 'अवो, सगळं गाव बोलवून ठेवलात, आता आपण काय टरफलं खायाची?' आन् आमचा ओमकार! शाळेतनं आला की दप्तर फेकून थेट पाण्यात. आय काठी घेऊन काठावर, आन् ह्यो आतनं तिला वाकुल्या दाखवतोय. माशासारखा पवायचा."

ऋषिकेशला हसू आलं. बाजूच्या खुर्चीकडं नजर जाताच त्यानं ते गिळलं.

"नव्या घरात राहणार कोण कोण?" त्यानं घाईनं विचारलं.

"मी, सून, नात. नदीकडची खोली नातीला, समिधाला. सकाळी डोळं उघडलं की पाणी दिसलं पायजे तिला. आपला आजा कुठं वाढला, बाप कुठं वाढला, पोरीला कळायला नको?"

सरपंचबाईंनी समोरची फाईल मिटली. डोक्यावरचा पंखा कुरकुरत राहिला. मिटलेली फाईल बघून पदूचं डोकं पुन्हा तापलं.

"आन् पलीकडं ती मुंबईवाल्यांची फार्महाऊसं? पाण्यात पाय सोडून बसल्यात! त्यांच्या पोहायच्या टाक्यांना पूररेषा लागत नाय? ती फक्त पदूच्या चुलीला?"

"त्यांना सांगा," सरपंचबाई म्हणाल्या, "त्या परवानग्यांवर सह्या करणाऱ्यांना लाज नव्हती. मला आहे."

"लाज?" पदू ताडकन उठला. खुर्ची मागं आपटली. "कसली लाज? आमी म्हाताऱ्यांनी मरेपर्यंत दुसऱ्याच्या पडवीत दिवस काढायचे, ह्याची नाय वाटत ती? हिरूनं त्या जोत्याचा दगड न् दगड डोक्यावरनं वाह्यलाय. तिची तेवढीच खूण राह्यलीय. माझी जागा, माझा दगड. उद्या पाणी आलं तर मरण माझं! ह्या खुर्चीचं काय जातं?"

ऋषिकेशनं पाण्याचा पेला पुढं केला. पदूनं तो हातानं दूर सारला.

"विचार, भाऊ, विचार त्यांना. खुर्चीचं काय जातं?"

ऋषिकेशनं विचारलं नाही. विचारायची गरजच उरली नाही. सरपंचबाई उठल्या. डोक्यावरचा पदर त्यांनी सारखा केला आणि पहिल्यांदाच मान वर करून पदूच्या डोळ्यांत बघितलं.

"मामंजी, त्या पाण्यात तुमच्या ल्येकाचा हात माझ्या हातातनं सुटला. आता समिधाला तिथंच निजवायची सही तिच्या आयेनं करायची? बोला."