आखाजीचा फोन

"आज कोण होतं, मावशी? हेमराज की मशीन?"

"माह्या हेमराजच," लताबाई म्हणाल्या आणि पुन्हा अंगणात दोन नव्या घागरी धुवायला बसल्या.

कामिनीने टॅबवर खूण केली. उत्तर चुकलं होतं, आज मशीन बोललं होतं. आई लेकाचा आवाज ओळखते का, एवढंच तिला संशोधनासाठी तपासायचं होतं. त्यासाठी ती महिनाभर जळगावहून असोद्याला येत होती. मस्कतला नोकरीला असलेल्या हेमराजने आपली जुनी रेकॉर्डिंगं मोठ्या हौसेनं पाठवली होती. कधी तो स्वतः फोन करायचा, कधी त्याच्या आवाजात मशीन. लताबाईंना हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तरी त्यांचं उत्तर रोज एकच.

"माय भोळी हाये," धाकटा भूपेंद्र हसायचा. "तिले फरक कळत नही."

कामिनीलाही तसंच वाटायचं, आणि खरं सांगायचं तर प्रबंधाला ते सोयीचंही होतं. एकच गोष्ट तिला खटकायची. लताबाई येता-जाता भूपेंद्रला "जेवला का?" विचारायच्या. फोनवर हेमराजला कधीच नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, प्रयोग संपला. त्या दिवशी घरोघरी वारलेल्या माणसाच्या नावानं घागर भरतात. कामिनी आली तेव्हा घरात पुरणाचा वास होता. लताबाईंनी नवऱ्याच्या नावाची घागर भरून देवापाशी ठेवली होती. भूपेंद्र आंबे आणायला गेला होता.

फोन वाजला. आज खरा हेमराज होता.

"माय, मशीन संपलं. आता मीच बोलतो. दिवाळीले घरी येतो!"

ऐकून कामिनीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"जिथी असशीन तिथी सुखी राह्य," लताबाई म्हणाल्या आणि फोन तिच्या हातात दिला.

"मावशी, खरंच तोच आहे हो!"

लताबाईंनी तिच्या गालावरून मायेनं हात फिरवला. "जित्या मानसाचं मशीन कोन करतं, बाई? भूप्याले सांगू नको मले कळलं म्हनून. त्याच्यासाठीच मी रोज 'हेमराजच' म्हनते."

फोनमधून "माय, माय" अशा हाका येत होत्या. लताबाईंनी दुसरी घागर भरली, पहिलीच्या शेजारी ठेवली आणि हेमराजच्या नावानं हात जोडले.